मोबाइल आधी वाजला होता

नोंदकर्ती : दादा, आक्षेप घ्या, पण आधी मी काय करतेय ते ऐका. ११ मार्च २०११ ला, भूकंपाच्या दिवशी, टोक्योतल्या निशी-कसाईत जी मराठी कुटुंबं राहत होती, त्यांच्याकडून त्या दुपारची आणि पुढच्या दोनेक आठवड्यांची हकीकत मी लिहून घेतेय. इथला बाकीचा इतिहास छापून आलेला आहे. तोझाई लाइनवरचं स्थानक १९७९ मध्ये सुरू झालं, व्यापारी जगमोहन चंद्राणी त्याच सुमाराला इथं आले, २००० च्या आसपास संगणकवाल्यांची रीघ लागली, २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. हे सगळं वर्तमानपत्रांत सापडतं. पण भूकंपाच्या त्या दुपारी पाचव्या मजल्यावर तान्हं मूल घेऊन एकट्या असलेल्या बाईचं काय झालं, हे कुठंच लिहिलेलं नाही. आणि आता जमलेलं सगळं वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की आधी मोबाइल वाजला, तो विचित्र आवाज आला, आणि मग घर हलायला लागलं. वेगवेगळी घरं, वेगवेगळ्या कंपन्या, काहींची तर एकमेकांशी ओळखही नाही. इतके लोक एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती पक्की धरायला हरकत नाही ना?

शंकेखोर : मला नेमकं तेच खटकतं. मी तेव्हा इथंच होतो, म्हणून जास्त खटकतं. २ वाजून ४६ मिनिटांच्या त्या धक्क्याला जपानच्या हवामान संस्थेनं मोबाइलवरचा आगाऊ इशारा दिला, पण तो मियागी, इवाते, फुकुशिमा, अकिता आणि यामागाता या उत्तरेकडच्या प्रांतांना. पहिल्या काही सेकंदांत भूकंप केवढा मोठा आहे याचा अंदाज खूपच कमी आला होता, त्यामुळे टोक्यो त्या यादीत नव्हतं. म्हणजे मुख्य धक्क्याआधी इथले मोबाइल त्या इशाऱ्यानं वाजलेच नाहीत. ज्यांच्या हातात आयफोन होता त्यांचा तर प्रश्नच नाही. आयफोनला हे इशारे मिळायला लागले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आयओएस ५ पासून. तुझ्या यादीत आयफोनवाले किती आहेत ते एकदा बघ.

नोंदकर्ती : आहेत. पण तुम्ही फारच लवकर निकाल दिलात. एनएचकेवर तो इशारा देशभर गेला होता. संसदेच्या समितीचं थेट प्रक्षेपण चालू असताना मध्येच ती घंटा वाजली, आणि ती टोक्योतही ऐकू आली. तेव्हाच्या कित्येक जपानी मोबाइलवर टीव्ही दिसायचा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणी टीव्ही लावून बसला असेल, कुणी भूकंपाचं एखादं ॲप घेतलेलं असेल. सरकारी नोंद इशारा कुठल्या प्रांतांना गेला ते सांगते. कुणाच्या कानावर काय पडलं हे ती कशी सांगणार?

शंकेखोर : मान्य. त्या दुपारी टोक्योत एकही यंत्र वाजलं नाही, असं मी म्हणतच नाही. पण खोटी आठवण हवेतून तयार होत नाही, हे तर तूच आता दाखवून दिलंस. त्यातला प्रत्येक तुकडा खरा असतो, खोटा असतो तो सांधा. मोबाइलचा तो आवाज खरा आहे. पुढच्या दिवसांत पश्चात धक्क्यांच्या वेळी तो रात्री-बेरात्री इतक्यांदा वाजला की आम्ही झोपेतही दचकायचो. धक्का खरा आहे. टीव्हीवरची घंटाही खरी. मेंदू गोष्ट लक्षात ठेवतो, पण ती कुठून आणि कधी मिळाली याची चिठ्ठी हरवतो. मग हे तुकडे ज्या क्रमानं शोभतात त्या क्रमानं बसतात. कुठल्याही कथेत आधी इशारा आणि मग संकट असंच असायला हवं, नाही का? आणि सगळे एकच सांगतात याचं म्हणशील, तर तेही तसंच. पुढचे दोन आठवडे सगळ्यांनी एकच आवाज ऐकला, सगळ्यांनी तोच टीव्ही पाहिला, आणि नंतर दरवर्षी गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहून तीच हकीकत एकमेकांना सांगितली. दहा माणसांनी एकाच विहिरीचं पाणी प्यायलं, तर ते दहा विहिरींचं पाणी होत नाही.

अजून एक कसोटी लावून बघ. त्या संध्याकाळी टीव्हीवर भूकंपाचा आकडा कोणता होता, असं विचार. ‘नऊ’ म्हणतील. मीही तेच म्हणालो असतो. पण हवामान संस्थेनं आधी ७.९ सांगितला, मग ८.४, संध्याकाळी ८.८. नऊ हा आकडा १३ मार्चला आला. शुक्रवारच्या आठवणीत रविवारचा आकडा बसलाय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

नोंदकर्ती : आकडा मी विचारला नव्हता.

शंकेखोर : मग काय विचारलं होतंस?

नोंदकर्ती : पहिल्या काही जणांना काहीच विचारलं नाही, नुसतं ‘सांगा’ म्हटलं. नंतरच्यांना विचारलं, की मोबाइल वाजला तेव्हा तुम्ही कुठं होता.

शंकेखोर : म्हणजे मोबाइल वाजला होता हे तूच त्यांना सांगितलंस. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘धडकून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता. आठवड्यानं त्यांना परत बोलावलं आणि फुटलेली काच दिसली होती का असं विचारलं. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. पहिल्या गटातल्या १४ टक्क्यांना ती दिसली होती, दुसऱ्यातल्या ३२ टक्क्यांना. एका क्रियापदानं रस्त्यावर काच सांडली. तू तर अख्खा मोबाइल वाजवलास.

नोंदकर्ती : ठीक आहे. नंतरच्या मुलाखतींतला तेवढा भाग मी बाजूला ठेवते. पण पहिल्या काही जणांनी ते आपणहून सांगितलं होतं, ते राहतंच. आणि तुमचं म्हणणं शेवटपर्यंत ताणलं, तर मी वही मिटून घरी बसायला हवं. मग लिहायचं तरी कशावरून?

शंकेखोर : त्या वेळच्या कागदांवरून. उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी काय केलं ते बघ. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठं, कशी, कुणाकडून कळली हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. चौथाई लोकांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही. आपल्याला नीट आठवतंय याची खात्री मात्र बहुतेकांना होती. त्यांच्याच अक्षरातला कागद समोर ठेवला तरी ते आताच्या आठवणीलाच चिकटून राहिले. म्हणून म्हणतो, लोकांना त्या रात्री पाठवलेले ई-मेल काढायला सांग. भारतात घरी पाठवलेले असतीलच. त्यांवर तारीख आहे, वेळ आहे.

नोंदकर्ती : मी ते मागितले, दादा. मिळालेही. आणि तिथंच तुमची ही पद्धत कोलमडते. त्या मेलमध्ये काय आहे माहीत आहे? ‘आई, काळजी करू नकोस, थोडंसं हललं, आता सगळं ठीक आहे, जेवलो, झोपतोय.’ हा माणूस त्या रात्री शहराच्या मध्यातून चालत निघाला होता. राजधानीच्या परिसरात त्या दिवशी ५० लाखांहून अधिक लोक घरी जाऊ शकले नव्हते, त्यांतला तो एक. पहाटे घरी पोचला. कपाट आडवं पडलेलं, बायको बाळाला घेऊन शेजारणीच्या दारात बसलेली. आईला काय लिहिलं, तर ‘थोडंसं हललं’. तुमच्या नायसरसाहेबांचे विद्यार्थी प्राध्यापकाला लिहून देत होते. त्यांना कुणाचा रक्तदाब सांभाळायचा नव्हता. इथं तारीख-वेळ असलेला कागद जाणूनबुजून खोटं बोलतोय, आणि चौदा वर्षांची घासलेली आठवण निदान खरं सांगायची धडपड करतेय. यातलं तुम्ही काय छापाल?

शंकेखोर : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो मेल घराला काय झालं याचा पुरावा नाही, खरं आहे. तरी तो कशाचा तरी पुरावा आहेच.

नोंदकर्ती : तो कशाचा तरी पुरावा असेल, तर चुकीची आठवणही कशाचा तरी पुरावा आहे. ऐका. लातूर जिल्ह्यातल्या एक बाई आहेत. त्या सांगतात, की धक्का बसला तेव्हा अंधार होता, त्या चाचपडत मुलाच्या खोलीत गेल्या, भिंतीला हात लावत लावत. दुपारी पावणेतीनची वेळ. निशी-कसाईत त्या वेळी लख्ख उजेड असणार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव गाढ झोपेत. तो अंधार तिथला आहे. त्या किल्लारीचा अंधार घेऊन टोक्योत राहत होत्या आणि २०११ ला तो त्यांच्या फ्लॅटमध्ये उतरला. आता सांगा, मी तो काढून टाकू? तो काढला तर उरेल काय? एक बाई, एक फ्लॅट, एक धक्का, जे हजारोंच्या बाबतीत झालं. त्यांची गोष्ट त्या चुकीतच आहे.

इटलीतल्या तेर्नी गावचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. लुईजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या हातून मारला गेला. तीसेक वर्षांनी आलेस्सांद्रो पोर्तेल्ली गावकऱ्यांच्या तोंडून हकीकत जमवायला गेला, तर कित्येक जण सांगायचे, की तो १९५३ मध्ये मेला, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात. साऱ्या गावानं त्याचा मृत्यू चार वर्षं पुढं सरकवला होता. कारण नोकऱ्या गेल्याची ती जखम त्यांच्या लेखी मोठी होती, आणि आपला माणूस निष्कारण मेला हे कुणालाच सोसत नव्हतं. पोर्तेल्लीनं ती चूक दुरुस्त करून फेकून दिली नाही. तिच्यावरच निबंध लिहिला.

शंकेखोर : लिहिला, पण तो का लिहू शकला? त्याच्या हातात १९४९ ची तारीख होती म्हणून. ती नसती तर १९५३ हीच घटना ठरली असती आणि त्याला चूक दिसलीच नसती. तुझ्या बाईंचा अंधार तुला कळला, कारण घड्याळ पावणेतीन दाखवतंय आणि किल्लारीची वेळ आपल्याला पाठ आहे. जिथं असं घड्याळ नाही तिथं काय करशील? दुसरी भीती त्याहून मोठी आहे. प्रत्येक चुकीत अर्थ शोधायची एकदा सवय लागली, की कुठलीही आठवण चुकीची म्हणून उरतच नाही. सगळ्याच ‘खोलवर खऱ्या’ होतात. काही चुका नुसत्या चुका असतात. मला नऊ हा आकडा आठवतो, त्यात माझी कुठली जखम लपलेली नाही.

नोंदकर्ती : मग एक अवघड गोष्ट सांगते. नाव विचारू नका. एक बाई सहा महिन्यांचं बाळ घेऊन भारतात गेल्या. सांगतात, की नळाच्या पाण्यात किरणोत्सार सापडला म्हणून गेले, बाळाला तेच पाणी कसं देणार. पण त्यांच्या पासपोर्टवर जपान सोडल्याचा शिक्का १६ मार्चचा आहे.

शंकेखोर : आणि पाण्याची बातमी २३ तारखेची. कानामाची शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात आयोडीन-१३१ किलोमागं २१० बेक्वेरेल सापडलं. तान्ह्या मुलांसाठी मर्यादा १०० ची. टोक्योच्या २३ प्रभागांत आणि काही उपनगरांत बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं जाहीर झालं, मग प्रत्येक बाळामागं ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या वाटायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पाणी मर्यादेखाली आलं. तोवर त्या बाई आठवडाभर माहेरी होत्या.

नोंदकर्ती : हो. त्या आधी का गेल्या हे उघड आहे. १२ ला फुकुशिमात पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचा स्फोट, १४ ला तिसऱ्या, १५ ला अजून गडबड, घरून दर तासाला फोन. घाबरल्या आणि गेल्या. यात लाजण्यासारखं काय आहे? पण परत आल्यावर शेजारच्या जपानी बायकांच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं असेल, ज्या राहिल्या त्या आपल्यातल्या बायकांनीही एखादा टोमणा मारला असेल. ‘पाण्यामुळं’ हे उत्तर आईच्या तोंडी शोभतं. दहादा दिल्यावर ते कारणच झालं. त्या खोटं बोलत नाहीत, दादा. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसत होतं.

शंकेखोर : चेहऱ्यावरून दिसतं म्हणणारे फार झाले. पुण्यात तर यंत्रावरून दिसतं असं म्हणणारेही निघाले. जून २००८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयानं खुनाच्या एका खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली, त्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीला मोठं वजन दिलं गेलं. चाचणीचा दावा असा, की माणसानं स्वतः अनुभवलेलं आणि नुसतं ऐकून माहीत झालेलं यांत यंत्राला फरक करता येतो. विचार कर, असं यंत्र खरंच असतं तर तुझं सगळं काम एका दुपारी उरकलं असतं. पण जो फरक आपल्याला स्वतःलाही ओळखता येत नाही, तो यंत्राला कसा सापडावा? मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीवाचून करायला बंदी घातली. तो प्रश्न आरोपीच्या हक्काचा होता. मेंदूचा प्रश्न त्याहून हट्टी आहे. नागोयात जन्मलेल्या सुसुमु तोनेगावा यांच्या एमआयटीतल्या प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये उंदराला एक खोटी आठवण दिली. एका पेटीची आठवण साठवणाऱ्या पेशी हुडकल्या, दुसऱ्या पेटीत शॉक देताना त्या प्रकाशानं जाग्या केल्या. नंतर उंदीर पहिल्या पेटीत गेला की थिजायचा, जिथं त्याला काहीच झालेलं नव्हतं. ती भीती खऱ्या भीतीच्याच वाटेनं मेंदूत जात होती. तुझ्या बाई खोटं बोलत नाहीत हे मला पटतं. पण म्हणूनच मी म्हणतो, की १६ तारीख छाप.

नोंदकर्ती : छापली तर त्या खोट्या ठरतील. आपल्या लोकांत, पोरांसमोर.

शंकेखोर : आणि नाही छापली तर पुस्तक खोटं ठरेल. उद्या या पोरांना त्या दिवसांबद्दल जे काही ‘आठवेल’, ते तुझ्या पुस्तकातून आठवेल. माझा पुतण्या तेव्हा दीड वर्षाचा होता. तो आज शपथेवर सांगतो, की त्याला टेबलाखाली बसल्याचं आठवतं. दीड वर्षाच्या मुलाला असं पुढं आठवत नाही, हे कुठलाही मानसशास्त्रज्ञ सांगेल. त्याला आठवतो तो आमच्या घरातला फोटो आणि माझ्या वहिनीचं सांगणं. तुझं पुस्तक साऱ्या वस्तीसाठी तसा फोटो होईल.

नोंदकर्ती : तारखांचा तक्ता छापला म्हणून ते टळणार नाही. तक्ता वाचून उद्या एखादा म्हणेल, टोक्योत मोबाइल वाजलेच नव्हते. आणि ज्याचा मोबाइल खरोखर वाजला होता, त्याला लोक येड्यात काढतील. तसा एक माणूस आहे. तो म्हणतो, त्या दिवशी मी कंपनीच्या कामानं सेंदाईला होतो, तिथं मोबाइल आधी वाजला आणि मग जमीन उचलली गेली.

शंकेखोर : सेंदाई मियागीत आहे. तिथं वाजला असणारच. हा माणूस गणपतीला दरवर्षी येतो का?

नोंदकर्ती : दरवर्षी. आणि त्याच्याइतकं रंगवून दुसरं कुणी सांगत नाही. तुम्ही जे म्हणणार आहात ते माझ्याही मनात आलं, की सगळ्या वस्तीचा मोबाइल कदाचित त्याच्या एकट्याच्या खिशात वाजला असेल. पण अडचण अशी, की त्याची बायको मागं ओझरतं एकदा म्हणाली होती, की हे तर त्या दिवशी इथल्याच, टोक्योतल्या ओतेमाचीच्या ऑफिसातून चालत आले.

शंकेखोर : मग जपून. शिंशू विद्यापीठात काझुओ मोरी यांनी एक पद्धत काढली होती. दोन माणसं शेजारी शेजारी बसून एकाच पडद्यावर एकच फिल्म बघतात, पण वेगवेगळ्या ध्रुवण चष्म्यांमुळं एकाला एक तपशील दिसतो, दुसऱ्याला दुसरा. दोघांनाही वाटतं, आपण एकच पाहिलं. मग त्यांना आपसांत बोलायला लावायचं. बोलता बोलता एक जण स्वतः पाहिलेलं सोडतो आणि दुसऱ्याचं घेतो. नवरा-बायकोला एकत्र बसवून विचारलंस तर तू तोच प्रयोग करशील. त्याच्याकडं शिंकानसेनचं तिकीट, कंपनीचा खर्चाचा कागद, काही असेल तर माग.

नोंदकर्ती : तिकीट मागितलं की मुलाखत संपली. त्या दोघांना मी वेगवेगळं भेटणार आहे, आणि आधी तिला.

शंकेखोर : आधी तिला का? तिनं कमी वेळा सांगितलंय म्हणून तिचं जास्त शुद्ध असेल असं वाटतं का? इतकी वर्षं तिनं त्याचंच ऐकलंय. ऐकूनही आठवण तितकीच बदलते. वेगवेगळं विचारायचं होतं तर ते मार्च २०११ मध्ये. आता फार उशीर झाला.

नोंदकर्ती : शुद्ध असेल म्हणून नाही. इतकी वर्षं त्याचं ऐकूनही ती त्याच्या विरुद्ध बोलली, म्हणून. तुमच्या मोरींच्या प्रयोगात तिनं केव्हाच हार मानायला हवी होती. ती का मानत नाही, ते मला तिच्याकडून ऐकायचंय. त्या रात्री घरी कोण होतं आणि कोण नव्हतं, हे तिला आजवर कुणी विचारलेलंच नाही.